वजन बरोबर

४ जानेवारी

चि. छटाक हिला,

पत्ता तुझ्या आईनं दिला नाही. तू तिला पाठवलेल्या शालीच्या पार्सलवर होता. ते कागद तिनं कपाटाच्या फळीवर अंथरलेत, अक्षरं वर करून. मुद्दाम तसे अंथरलेत का, हे मी विचारलं नाही.

माझा फोन तू उचलत नाहीस. ठीक आहे. आईशी बोलतेस तेव्हा ती जिन्यात जाऊन बसते आणि परत आली की मला म्हणते, "बरी आहे." सात महिन्यांत तेवढेच दोन शब्द माझ्या वाट्याला आलेत.

कामाचं लिहितो. कमिटीचं पत्र आलं. तुझ्या अपिलाची तारीख तेवीस. मला साक्षीला बोलावलंय. हे शेवटचं अपील. फेटाळलं तर जॉकीचा परवाना कायमचा गेला, पुन्हा अर्ज नाही. तेव्हा राग बाजूला ठेव आणि ऐक.

कमिटीत एक नवीन माणूस आलाय. माणसांचा डॉक्टर आहे, घोड्यांतलं काही कळत नाही. त्याला सगळं मुळापासून सांगावं लागेल. असं सांग: प्रत्येक घोड्याला वजन ठरवून दिलेलं असतं. माझ्या घोड्याला बावन्न किलो होतं. मी, माझं खोगीर आणि खोगिराखालच्या कापडाच्या खिशात घातलेल्या शिशाच्या पट्ट्या, सगळं मिळून बावन्न. शर्यतीआधी काट्यावर बसले तेव्हा बावन्न भरलं. जिंकून परत आले आणि बसले तेव्हा साडेपन्नास. अर्धा किलो सोडून देतात, दीड सोडत नाहीत.

इथपर्यंत सगळे तेच म्हणतात. पुढचं तुझ्या हातात आहे. पट्ट्या तू वाटेत काढून टाकल्यास, असं कमिटी म्हणते. तू म्हण, खिशाचं बटण तुटलं होतं, पट्ट्या पडल्या, कळलं नाही. निष्काळजीपणाला एक वर्षाची बंदी आहे. त्यातले सात महिने गेलेच. मुद्दाम वजन टाकण्याला मात्र माफी नाही.

बटण तुटलेलं होतं का, हे कोणी तपासणार नाही. खोगीर कापडासकट सील करून माझ्याच काट्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलंय.

मागच्या वेळी तू एक वाक्य बोलून गप्प बसलीस. तसं करू नकोस.

आशीर्वाद आहेतच.

काटेवाला


११ जानेवारी

चि. छटाक,

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही. टपालवाल्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुमचं काही असेल तर मी काय घरी घेऊन जाणार आहे?"

हिवाळी शर्यती सुरू आहेत. रोज सात. मी सकाळी सातला खोली उघडतो, काट्याच्या खुर्चीवर एकामागून एक वीस-वीस किलोची पाच वजनं ठेवतो, शंभर दाखवतो की नाही बघतो. दाखवतो. मग ती वजनं उतरवतो. मग पुन्हा ठेवतो. पूर्वी एकदाच ठेवत होतो.

शेजारच्या शिंप्याचा मुलगा परीक्षेत पास झाला. शिंपी गॅलरीतून ओरडला, "काटेवाले, आमचं वजन बरोबर!" आख्ख्या जिन्याला आपल्या घरातला शब्द लागलाय. लाउडस्पीकरवरचा शब्द. पण लोक तो कसाही वापरतात. काही चांगलं झालं की वजन बरोबर. शिंपीण तर सून माहेरून परत आली तरी म्हणते.

तू पाच वर्षांची असताना मला विचारलं होतंस की घोडा पुढे आला, सगळ्यांनी बघितला, तरी लोक हातातलं तिकीट धरून का उभे राहतात. मी सांगितलं, शेवटच्या खांबापाशी शर्यत संपत नाही, काट्यावर संपते. जॉकी उतरतो, स्वतःचं खोगीर स्वतः काढतो, स्वतः उचलून आणतो. खोगिराला नाही, अंगाला नाही, कोणी हात लावायचा नाही. लावला तर बाद. काट्यावर बसतो. जे घेऊन गेला होता ते सगळं घेऊन परत आला असेल तर मी बटण दाबतो आणि स्पीकरवर येतं, वजन बरोबर. तोवर कोणी जिंकलेलं नाही.

तुझ्या आईनं तो शब्द तुझ्या शाळेला लावला. तू दारात आलीस की ती विचारायची, "वजन बरोबर?" आणि तू मोजून दाखवायचीस. डबा, बाटली, पट्टी, दोन पेन्सिली, एक खोडरबर. खोडरबर बहुतेक नसायचंच.

शिंप्याला मी समजावलं, की अहो, असं म्हणत नाहीत. निघताना वजन केलेलं असेल तरच आल्यावर ते बरोबर की चूक, हे ठरतं. निघतानाचा आकडा नसेल तर आलेल्या आकड्याला अर्थ नाही. तो म्हणाला, "तुमचं गणित तुमच्यापाशी. आम्ही पेढे वाटले." शिंपी बोलण्यात कोणाला ऐकत नाही.

मग मी घरात आलो आणि उगाच बसून राहिलो. आईनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "काही नाही तर पाय का हलवताय?"

तुझ्या चौकशीनंतर कमिटीनं मला जे सन्मानपत्र दिलं होतं, लाकडाच्या पाटीवर पितळेचं, ते भिंतीवर होतं. 'स्वतःच्या मुलीलाही सूट न देणारा.' ते तुझ्या आईनं काढलं. मागे पाल राहते म्हणाली. आता तिथे खिळा आहे.

बटणाचं लक्षात ठेव.


१५ जानेवारी

छटाक,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ.

'खुर्चीवर बसल्यावर मी काय म्हणाले होते, तेवढं लिहा.'

सात महिन्यांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी सात शर्यती होत्या, प्रत्येकीत दहा-बारा जॉकी. म्हणजे ऐंशीच्या आसपास माणसं जाताना बसली, येताना प्रत्येकीतले पहिले चार, म्हणजे अठ्ठावीस. प्रत्येक जण काही ना काही म्हणतो. कोणी उकाडा म्हणतो, कोणी म्हणतो साहेब चहा पाजा. सगळं कसं लक्षात राहणार?

खोगीर बांधणाऱ्या म्हाताऱ्याला आज विचारलं, त्या दिवशी तू हिच्या कापडात किती पट्ट्या घातल्या होत्यास? तो म्हणाला, "सहा. दोन दिवस आधी तिनं वजनाची चिठ्ठी दिली होती, त्या हिशेबानं सहा." म्हटलं, मग चौकशीत नऊ का म्हणालास? तो हातातलं फडकं झटकत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही बावन्न वाचलंत म्हटल्यावर नऊच असणार ना, साहेब. सहानं बावन्न कसं भरेल? मी आपला म्हातारा. मला वाटलं, माझीच चूक."

उद्या लिहितो.


१६ जानेवारी

छटाक,

आज सुट्टी होती. सकाळपासून चार कागद फाडले. आई म्हणाली, "तोंड दिलंय देवानं, तर कागद कशाला नासता? जा, गाडीत बसा, तिच्या दारात उभे राहा." मी म्हटलं, दार उघडलं नाही तर? ती म्हणाली, "नाही उघडलं तर उभे राहा."

दारात उभं राहून मला हे बोलता आलं नसतं. लिहितो.

आपलं ठरलं होतं. तू पहिल्यांदा काट्यावर आलीस त्या दिवशी मीच ठरवलं होतं. या खोलीत मी तुझा कोणी नाही. इथे साहेब म्हणायचं. तू तीन वर्षं पाळलंस. घरी जेवताना 'बाबा, मीठ द्या' आणि दोन तासांनी काट्यावर 'साहेब, नमस्कार'. बाकीचे जॉकी हसायचे. मला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी सहावी शर्यत. तू खोगीर घेऊन आलीस. दोन दिवस तुला ताप होता. घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. सकाळी तू चहा प्यायलीस आणि मोरीत जाऊन ओकलीस. मी पेपर वाचत होतो. मला तो आवाज ओळखीचा आहे. जॉकी होतो तेव्हा मीही वजनासाठी तो आवाज काढला आहे. मी पेपर उलटला.

तू खुर्चीवर बसलीस. तबकडीचं तोंड माझ्याकडे, तुला आकडा दिसत नाही. तुझ्या मागे पाच जण रांगेत. दाराशी दोन मालक आणि कमिटीचे चेअरमन उभे होते.

तू म्हणालीस, "बाबा, नीट बघा. मला हलकं वाटतंय."

हे तू म्हणाली होतीस. शब्दन् शब्द. एकदाही विसरलो नाही.

तुला त्या खोलीत बाबा म्हणायला मी मनाई केली होती आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस. मागचा एक जण हसला. चेअरमननं मान वर केली. माझे कान तापले. मला वाटलं, आता सगळे म्हणणार, बाप आहे, बघून घेईल. मी समोरच्या यादीत तुझ्या घोड्याचं नाव शोधलं. त्यापुढे छापलेलं होतं बावन्न. मी म्हणालो, "बरोबर आहे. पुढचा." आणि लिहिलं, बावन्न.

तबकडी मी बघितलीच नाही.

बघितली असती तर एवढंच म्हणालो असतो, "दीड कमी आहे, तीन पट्ट्या घाल." रोज कोणाला ना कोणाला म्हणतो. एक मिनिटाचं काम.

तू परत आलीस तेव्हा मानेच्या अंतरानं जिंकली होतीस. घोड्याची लाळ तुझ्या बाहीवर होती. तू माझ्याकडे बघून हसलीस. मी तेव्हा तबकडी बघितली, अगदी नीट, दोनदा. साडेपन्नास. मी बटण दाबलं नाही. स्पीकर गप्प राहिला. बाहेरची माणसंही हळूहळू गप्प झाली.

चौकशीत चेअरमननं मला विचारलं, "जाताना तुम्ही स्वतः बावन्न वाचलंत?" तू समोरच्या बाकावर होतीस. तू मला काही खुणावलं नाहीस. नुसती बघत होतीस. मी म्हटलं, हो.

तेवढा एक शब्द. त्या 'हो'नं सहा पट्ट्यांच्या नऊ झाल्या. दुसऱ्या दिवशी माळ्यांनी वळणापासून खांबापर्यंत गवत चाळलं. पट्ट्या सापडल्या नाहीत. सापडल्या नाहीत म्हणून तू आणखीच लबाड ठरलीस.

तू माझं नाव घेतलं असतंस तर मी काय केलं असतं, माहीत नाही. बहुतेक नाकारलं असतं. तू ते ओळखलं असशील. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "काट्यावर काय झालं ते काटेवाल्यांना विचारा." सगळ्यांना तो उद्धटपणा वाटला.

बावीस वर्षांत एक वजन चुकलं नाही, असं माझ्याबद्दल सांगतात. मीही सांगायचो.

आधीच्या पत्रांतलं बटणाचं विसर. त्या कापडाची सगळी बटणं शाबूत आहेत. मी सील करताना बघितली होती.


२४ जानेवारी

छटाक,

काल तुला बाहेर बसवलं होतं, म्हणून आत काय झालं ते मीच सांगायला हवं.

मी बसलो नाही, उभं राहून बोललो. लिहून नेलं होतं. सोळा तारखेच्या पत्रातलंच, ओकारीचं आणि पेपरचं सोडून. मग तेही सांगितलं.

चेअरमन म्हणाले, "काटेवाले, मुलीसाठी बोलताय. आम्ही समजू शकतो." त्यांचा आवाज मऊ होता. मला वाटलं होतं ते ओरडतील, आणि ते तर मला सोडवायला बघत होते. सात महिन्यांपूर्वी मी खोटं बोललो ते त्यांनी पितळेवर कोरून दिलं होतं. आता खरं बोललो तर माया म्हणाले.

मी म्हटलं, कपाट उघडा.

सील तोडलं. कापड टेबलावर पसरलं. नऊ खिसे, नऊ बटणं. सहा खिशांत पट्ट्या. उरलेल्या तीन खिशांची बटणं लागत नव्हती. कापड नवीन होतं, शिवल्यावर काजं कापायचीच राहिली होती. ते खिसे कधी वापरलेच गेले नव्हते. म्हाताऱ्याला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "सहा घातल्या होत्या. मला कोणी विचारलं नाही. नऊ होत्या असं मलाच सांगितलं." त्याला गप्प करायला दोन माणसं लागली. एवढं तो जन्मात बोलला नव्हता.

शेवटी त्या नवीन डॉक्टरनं मला विचारलं, "ती वजनाला बसली तेव्हा तुम्ही तबकडी बघत नव्हता. मग काय बघत होता?"

मी म्हटलं, "तिच्या मागची माणसं."

त्यानं ते लिहून घेतलं.

निकाल तुला सांगितलाच आहे. परवाना परत. जिंकलेली शर्यत मात्र मिळणार नाही. घोडा दीड किलो हलका धावला, हे खरंच आहे. चूक कोणाचीही असो, काट्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. ती शर्यत मी खाल्ली. ती परत आणता येत नाही.

मला काट्यावरून काढलं. चाव्या तिथेच दिल्या. एक चावी कडीतून निघेना. चेअरमन वाट बघत उभे. शेवटी त्यांनीच नखानं काढली.

मी व्हरांड्यात आलो तेव्हा बाक रिकामा होता. पहारेकरी म्हणाला, "खोगीर घेऊन गेल्या मागच्या दारानं." मी मागच्या दारापर्यंत गेलो. मग पुढच्या दारानं घरी आलो.

आई म्हणाली, "झालं?" म्हटलं, झालं. ती म्हणाली, "पाय अजून हलतोय."


१० मार्च

छटाक,

काल मी आलो होतो. तुला माहीत आहे, तरी लिहितो.

बावीस वर्षांत मी शर्यत बघितलेली नव्हती. काट्याच्या खोलीला मैदानाकडे खिडकी नाही. घोडे धावतात तेव्हा आत नुसता आवाज येतो, आधी लांबून, मग भिंतीतून. काल पहिल्यांदा तिकीट काढून कठड्याशी उभा राहिलो. सकाळी नऊपासून. तुझी शर्यत चारची होती. बसायला जागा होती, बसवेना. शेजारच्या माणसानं विचारलं, "काका, कोणावर लावलंत?" म्हटलं, कोणावर नाही. तो म्हणाला, "मग एवढे का घामाघूम झालात?"

वळणावर तू मागून चौथी होतीस. मग मला काही दिसलं नाही. समोर एक उंच माणूस टोपी हलवत होता. स्पीकरवर कळलं, तिसरी.

पहिल्या चौघांना काट्यावर जावं लागतं. मला रस्ता माहीत आहे. मैदानातून खोलीकडे जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना कमरेएवढा कठडा. मी गर्दीतून तिथे गेलो. किती जणांच्या पायांवर पाय दिला कोण जाणे.

तू आलीस. चेहऱ्यावर माती होती, डोळ्यांभोवती चष्म्याचं पांढरं वर्तुळ. दोन्ही हातांनी खोगीर छातीशी धरलेलं. त्याचा एक पट्टा सुटून खाली लोंबत होता, प्रत्येक पावलाला तुझ्या बुटाखाली येता येता राहत होता. तुला खोगिरापलीकडे काही दिसत नव्हतं. मला वाटलं, अडखळणार. मी कठड्यावरून वाकून पट्टा धरायला हात पुढे केला.

बावीस वर्षं मी त्याच वाटेच्या टोकाला, खोलीच्या दारात उभं राहून ओरडलो आहे, मालकांवर, मोतद्दारांवर, जॉकींच्या बायकांवर. मागे व्हा, हात लावू नका, बाद होईल. आणि काल माझाच हात, वीतभर अंतरावर.

तू थांबलीस. खोगीर न हलवता म्हणालीस, "हात लावू नका, बाबा. अजून वजन व्हायचंय."

मी हात मागे घेतला. तू पट्टा पायानं बाजूला सारलास आणि आत गेलीस.

मी तिथेच उभा राहिलो. आत नवीन काटेवाला आहे, जाड चष्म्याचा, म्हणतात हळू आहे. फार वेळ गेला. लोकांनी तिकिटं घट्ट धरली होती. माझ्याकडचं तिकीट नुसतं आत येण्याचं होतं, तरी मीही धरून उभा होतो. मग स्पीकर खरखरला.

घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. तिनं दोनदा विचारलं, "बाबा म्हणाली?" म्हटलं, हो. "मैदानात? सगळ्यांसमोर?" म्हटलं, हो. मग तिनं विचारलं, "कुठल्या सुरात म्हणाली?"

मला सांगता येईना. मी तेव्हा पट्ट्याकडे बघत होतो.

ती म्हणाली, "म्हणजे याही वेळी बघितलं नाहीत," आणि हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

म्हणून विचारतो. तुझी पुढची शर्यत एकवीसला आहे, यादीत बघितलं. मी त्याच जागी असेन, कठड्यापासून हातभर मागे. वजन झाल्यावर त्याच वाटेनं बाहेर येशील का? तेव्हा खोगीर मी धरीन. तेव्हा चालतं.

बाबा